चौसष्ट आकृति आणि त्यांचीं पद्यें

चीनच्या ‘यी चिंग’ ग्रंथांत अखंड व खंडित अशा सहा रेषांच्या ६४ आकृति आहेत. कौल लावतांना कांहीं रेषा पालटल्या, म्हणजे मूळ आकृतींतून दुसरी निघते. न पालटल्यास तीच कायम राहते. हान काळांतील च्याओ यानशौ याच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या ‘यी लिन’मध्यें अशा प्रत्येक जोडीस एक, मिळून ४०९६ पद्यें आहेत, चरण बहुधा चार अक्षरांचे. आपल्या पाशककेवलींतही चार बाजूंचा फांसा तीन वेळां टाकून ६४ फलें येतात. मात्र पद्य हें चित्र दाखवितें, निकाल देत नाहीं. उडणारा पक्षी एकास प्रवास भासेल, दुसऱ्यास वियोग. म्हणून कन्येच्या विवाहासारख्या प्रश्नीं वडिलांनीं पद्य खुशाल वाचावें. परंतु त्यांत आपलीच इच्छा दिसत नाहीं ना, हें पाहावें आणि आधीं कन्येचें मन विचारावें, असें आम्हांस वाटतें.