पाचगणीच्या बुलसाराचे एक अप्रसिद्ध गाणे

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा आमचे कडेगाव कोरडेच होते. शेजारच्या पलूस तालुक्यातील भिलवडी, ब्रह्मनाळ ही गावे पाण्यात होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळच पाहिलेल्या आमच्या लोकांना ते दृश्य समजून घेणेही जड जात होते. बाजारपेठेतील मंडळी तांदूळ, तेल, काडेपेट्या यांची पुडकी बांधीत होती. त्याच आठवड्यात पुण्याहून माझा नातू आला. तो गिटार वाजवितो. म्हणाला, ‘‘आजोबा, आम्ही मित्र मिळून गाण्यांचा कार्यक्रम करतो आणि जमतील ते पैसे पूरग्रस्तांना देतो.’’

मी विचारले, ‘‘पावतीपुस्तक कोण ठेवणार?’’

त्याचा चेहरा पडला. चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाच्या तोंडून दुसरे काय निघणार? परंतु त्या रात्री त्याने मला मोबाइलवर एक गाणे ऐकविले आणि त्याची माहितीही सांगितली. पुढे मी स्वतःही थोडे वाचन केले.

गायकाचे नाव फ्रेडी मर्क्युरी. मूळ नाव फारुख बुलसारा. हा पारशी मुलगा १९४६ साली झांजिबारला जन्मला. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते, हे वाचून मला उगाचच आपलेपणा वाटला. साधारण आठव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. कराड, सातारा, वाई करीत पसरणीचा घाट चढला की येणारे आपले पाचगणी ते हेच. तेथे तो पियानो शिकला आणि वर्गमित्रांसह ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंदही त्याने काढला. पुढे इंग्लंडमध्ये ‘क्वीन’ हा रॉक बँड जगप्रसिद्ध झाला.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी ‘लाइव्ह एड’ या मैफली झाल्या. बॉब गेल्डॉफ व मिज युर यांनी त्या जुळवून आणल्या. लंडनच्या वेम्बली मैदानावर सुमारे बहात्तर हजार श्रोते होते. संध्याकाळी क्वीनने वीस-एकवीस मिनिटांत सहा गाणी सादर केली. त्या वीस मिनिटांची वाखाणणी आजही होते, आणि २०१८ साली निघालेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या चित्रपटाची अखेरही त्यांवरच होते.

नातवाने ऐकविलेले गाणे मात्र त्यांपैकी नव्हते. रात्री दहाच्या सुमारास मर्क्युरी व गिटारवादक ब्रायन मे हे दोघेच पुन्हा रंगमंचावर आले. ना ढोल, ना विजेवरची वाद्ये; एक साधी गिटार आणि एक आवाज. गाण्याचे नाव ‘इज धिस द वर्ल्ड वी क्रिएटेड?’, म्हणजे हे जग आपणच असे घडविले का, असा सरळ प्रश्न. आफ्रिकेतील भुकेल्या मुलांची दृश्ये पाहून दोघांनी म्युनिकला ते रचले होते आणि १९८४ च्या फेब्रुवारीत ‘द वर्क्स’ या तबकडीच्या शेवटी ते आले होते. इथिओपियाच्या दुष्काळाचे बीबीसीचे गाजलेले वार्तापत्र त्यानंतर, ऑक्टोबरात आले. मदतकार्याची हाक येण्याआधीच गाणे तयार होते. हाक आल्यावर ते कामी आले. मला ही गोष्ट फार भावली. आपल्या पेढ्यांच्या वह्यांतही धर्मादायाचे खाते दुष्काळ पडल्यावर उघडत नसत. ते वर्षाच्या पहिल्या दिवसापासून उघडे असे. (माझ्या आजोबांच्या वहीत ते पान लाल शाईने आखलेले मी पाहिले आहे.)

पैशांचे काय झाले, हा माझा नेहमीचा प्रश्न. १९७१ साली पंडित रविशंकर यांच्या आग्रहावरून जॉर्ज हॅरिसनने न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी मैफल केली. तिची तिकिटे खपून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. परंतु कार्यक्रमाआधी युनिसेफशी रीतसर व्यवस्था करून ठेवली नव्हती, त्यामुळे ध्वनिमुद्रिकांतून आलेली लक्षावधी डॉलरची रक्कम अमेरिकेच्या करखात्याच्या कात्रीत वर्षानुवर्षे अडकली. निर्वासित छावण्यांत उपाशी, आणि पैसा फाइलमध्ये. लाइव्ह एडच्या मागे मात्र बँड एड हा न्यास होता. त्यांच्या १९८४ च्या गाण्याच्या विक्रीवर ब्रिटिश सरकारने मूल्यवर्धित कर सोडण्यास प्रथम नकार दिला; गेल्डॉफने ओरड केली तेव्हा तितकीच रक्कम सरकारने मदतीदाखल परत दिली. पुढे धान्य पोचविण्यासाठी न्यासाने ट्रकही विकत घेतले, कारण बंदरावर उतरलेले पोते भुकेल्याच्या घरी आपोआप जात नाही. जीएसटी व मालवाहतूक रोज हाताळणाऱ्या आपल्या वाचकांना हे निराळे समजावण्याची गरज नाही.

१९८८ च्या डिसेंबरात आर्मेनियात भूकंप झाला तेव्हाही क्वीनचे ब्रायन मे व रॉजर टेलर इतर कलावंतांसह मदतीच्या एका ध्वनिमुद्रणात सामील झाले होते. मर्क्युरी १९९१ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी गेला.

हे सारे वाचल्यावर मी नातवाला फोन केला आणि अटी घातल्या: छापील क्रमांकाची पावती, दोघांच्या सह्यांचे खाते, खर्च जमेतून वजा करायचा नाही. तो म्हणाला, ‘‘आजोबा, कर्ज मागत नाही हो आम्ही!’’ पण ऐकले. गणपतीनंतर पुण्यातील एका सोसायटीच्या सभागृहात कार्यक्रम झाला. मी पहिल्या रांगेत कानांत कापूस घालून बसलो होतो. शेवटी दोन मुले एका गिटारवर ते गाणे म्हणू लागली तेव्हा तो काढला.

रात्री जेवणाच्या टेबलावर आम्ही रोकड मोजली. पावत्या एकतीस हजार चारशे रुपयांच्या. रोकड चाळीस रुपयांनी जास्त. दोनदा मोजली, तरी तेच. कोणीतरी पावती न घेताच पेटीत टाकून गेले होते. भिलवडीकडच्या मुलांच्या दप्तरांसाठी धनादेश लिहिताना नातवाने विचारले, ‘‘हे चाळीस कुठे दाखवायचे?’’

मी वहीत निराळी ओळ आखली आणि लिहिले: नाव नाही, रुपये चाळीस.