भोवरा नसलेली फिरकी

गोव्यातल्या लोहखनिजाच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी डिचोलीचंच नाव दिलं आहे. त्या थरांतलं मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतं, कारण लोखंडाच्या अणूंतल्या इलेक्ट्रॉनांना फिरकी असते, तीच स्पिन. फिरकी म्हटलं की भोवरा आठवतो, आणि घोटाळा तिथंच सुरू होतो. 1925मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट यांनी ही कल्पना मांडली. इलेक्ट्रॉनला त्या काळी मानल्या जाणाऱ्या आकाराचा गोळा धरला, तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशाच्या शंभरपटीहून अधिक वेगानं फिरायला हवा! सापेक्षतेत पूर्ण ताठर वस्तूलाही जागा नाही. एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकाला तत्क्षणी पोचला, तर तो प्रकाशालाही मागे टाकेल.

मग गोळाच सोडून द्यायचा. 1939मध्ये सुटीवर भारतात आलेले होमी भाभा महायुद्धामुळे इथंच राहिले आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. 1941मध्ये भाभा आणि कॉर्बेन यांनी फिरकी असलेल्या बिंदुकणाची विद्युतचुंबकीय क्षेत्रातली समीकरणं मांडली. क्वांटम सिद्धान्त हाताशी असताना जुन्या धाटणीचं हे गणित कशाला, असं कुणी विचारेल. पण कण स्वतःच प्रारणं सोडतो आणि त्यांचा धक्का त्यालाच बसतो. हा हिशेबही त्यांनी सोडला नाही. मला त्यांची ही चिकाटी फार आवडते.

पुढे 1959मध्ये बार्गमन, मिशेल आणि टेलेग्डी यांनी स्वतःचं प्रारण बाजूला ठेवून फिरकीच्या अक्षाचं सुटसुटीत समीकरण दिलं. प्रयोगशाळांत वापरात आहे ते हेच. पेडण्यात मोपाच्या पठारावर तळहात पसरला, तर दर चौरस सेंटीमीटरवर मिनिटाला साधारण एक म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ, आकाशातून येऊन पडतो. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये असेच, पण यंत्रानं तयार केलेले म्युऑन सुमारे 14 मीटर व्यासाच्या चुंबकीय कड्यात फिरवले. त्यांना कड्यात धरून ठेवायला विद्युतक्षेत्र लागतं, आणि ते फिरकीतही ढवळाढवळ करतं. मात्र प्रकाशवेगाच्या 99.94 टक्के वेगाला ही ढवळाढवळ जवळजवळ शून्य होते. तो नेमका वेग याच समीकरणातून निघतो.

या कड्यात म्युऑनची फिरकी किती वेगानं वळते ते पाहून त्याचं चुंबकत्व मोजलं. 3 जून 2025 रोजी त्याचा अंतिम आकडा आला : अनिश्चितता अब्जात 127 भाग. आता भांडण सिद्धान्तवाल्यांत आहे. अपेक्षित किंमत काढायच्या त्यांच्या दोन रीतींची उत्तरं एकमेकींशी जुळत नाहीत.