‘गॉड ऑफ वॉर’: नावात देव आहे म्हणून पोराच्या हातात देताय? आधी हे वाचा

टीव्हीला जोडून खेळायचे गेम आता तालुक्याच्या गावापुरते राहिले नाहीत. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं सणाला गावी येताना मशीन घेऊन येतात, काही घरांत तर हप्त्यावर घेतलेलं आहे. त्यात एक नाव सारखं ऐकू येतं, ‘गॉड ऑफ वॉर’. गॉड म्हणजे देव, त्यामुळे काही आईवडिलांना वाटतं, पुराणातली गोष्ट आहे, मारधाडीच्या गेमपेक्षा बरंच की! हाच समज तपासून बघायला हवा. गेम चांगला आहे का, कुणासाठी चांगला आहे आणि त्यावर पैसे घालावेत का, या तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. ती एकेक करून बघू.

गेम नेमका कोणता?

या नावाचे बरेच गेम आहेत. पहिला आला मार्च २००५ मध्ये, सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन २ या मशीनवर. त्यात ग्रीस देशाच्या पुराणातले देव होते. नायक क्रेटॉस हा स्पार्टाचा योद्धा. युद्धाचा देव एरीस त्याला फसवतो आणि त्याच्या हातून त्याचीच बायको आणि मुलगी मारली जाते. त्यांची राख त्याच्या अंगाला कायमची चिकटते, म्हणून तो पांढराफटक दिसतो. पुढच्या भागांत हा गडी सूडापायी एकेका देवाला मारत सुटतो.

आपण बोलतोय ते २० एप्रिल २०१८ ला आलेल्या गेमबद्दल. नाव तेच, ‘गॉड ऑफ वॉर’. बनवला सोनीच्याच सांता मोनिका स्टुडिओनं, दिग्दर्शक कोरी बार्लोग. हा प्लेस्टेशन ४ साठी निघाला, प्लेस्टेशन ५ वरही चालतो आणि २०२२ पासून कॉम्प्युटरवरही मिळतो. २०१८ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम हाच ठरला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हा २०१८ चा गेम कंपनीनं मोबाईलसाठी काढलेलाच नाही. त्यामुळे ‘गॉड ऑफ वॉर मोबाईलवर फुकट’ अशी लिंक व्हॉट्सॲपला आली तर तिला हात लावू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा.

गोष्ट काय आहे?

क्रेटॉस आता ग्रीस सोडून उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात आलाय. वय झालंय, दाढी वाढलीय. दुसरी बायको नुकतीच वारली आहे. तिची शेवटची इच्छा अशी की आपली राख सगळ्यात उंच शिखरावरून उधळावी. त्यासाठी बाप आणि लहानगा मुलगा अट्रेयस दोघं निघतात. आपल्याकडे अस्थी घेऊन नाशिकला गोदावरीवर जातात, तसंच म्हणा.

सगळा गेम या एका प्रवासाचा आहे आणि त्याची खरी ताकद बाप-लेकाच्या नात्यात आहे. बाप मुलाला नावानं हाक मारत नाही, नुसतं ‘बॉय’ म्हणतो, म्हणजे ‘ए पोरा’. माया आहे, पण बोलून दाखवता येत नाही. मुलाला वाटतं, बापाला मी नकोच आहे. बापाला भीती, माझ्या जुन्या पापाची सावली याच्यावर पडेल. शेतात बापामागं दिवसभर राबूनही ज्याला कधी शाबासकी मिळाली नाही, त्याला हे नातं समजावून सांगावं लागणार नाही.

पुराण किती खरं, किती मनाचं?

गोष्टीला आधार आहे तो नॉर्स पुराणाचा, म्हणजे नॉर्वे, स्वीडन, आइसलँड या भागातल्या जुन्या दैवतकथांचा. त्या कथांचा मोठा भाग तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवला गेला. ओडिन, थॉर ही त्यातली नावं थॉरच्या सिनेमामुळे आपल्याही पोरांना पाठ आहेत.

मूळ कथेत बाल्डर नावाचा देव आहे. त्याला काही होऊ नये म्हणून त्याच्या आईनं जगातल्या सगळ्या वस्तूंकडून शपथ घेतली. राहिलं फक्त एक बांडगूळ. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर चढून रस पितं, तशाच प्रकारचं परजीवी झुडूप. हे कोवळं काय करणार म्हणून आईनं ते सोडलं आणि त्यानंच घात झाला. गांधारीनं दुर्योधनाचं सगळं अंग वज्राचं केलं आणि मांडी तेवढी कच्ची राहिली, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली आहे. पोराला वाचवायला निघालेली आई आणि राहून गेलेली एक फट, ही गोष्ट दोन्ही मुलखांत सापडते.

गेमनं हे सूत्र उचललंय, पण त्यात भर घातलीय. गेममधल्या बाल्डरला आईच्या मंत्रामुळे इजा होत नाही, पण त्यापायी त्याला काहीच जाणवत नाही. ना वेदना, ना चव, ना ऊन, ना थंडी. म्हणून तो आईवरच चिडलेला आहे. ही कल्पना बनवणाऱ्यांची, मूळ कथेतली नव्हे. जगाला विळखा घालून बसलेला अजस्र सापही गेममध्ये भेटतो. तोही मूळ कथेतला, पण इथं तो या बापलेकांशी बोलतो.

म्हणजे हा गेम खेळून नॉर्स पुराण शिकता येईल असं समजू नका. नावं आणि धागे खरे, विणकाम नवं. आणि देवांकडे बघायची नजर इथं भक्तीची नाही. देव इथं भांडकुदळ, कपटी, आपल्याच पोरांचं वाटोळं करणारे दाखवलेत. घरात कुणाला हे खटकणार असेल तर आधीच माहीत असलेलं बरं.

खेळायला कसा आहे?

क्रेटॉसच्या हातात एक मंतरलेली कुऱ्हाड आहे. ती फेकायची, ती शत्रूला बर्फासारखं गोठवते आणि एक बटण दाबलं की हवेतून गरगरत परत हातात येते. ती हातात बसते तेव्हा रिमोटलाही धक्का जाणवतो. साधी गोष्ट, पण शेवटपर्यंत कंटाळा येत नाही. मुलगा बापाच्या मदतीला बाण मारतो आणि मागून कोण येतंय ते ओरडून सांगतो.

दुसरं वैशिष्ट्य कॅमेऱ्याचं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं मांडवात शिरल्यापासून पाठवणीपर्यंत कॅमेरा एकदाही बंद केला नाही, असं समजा. हा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत तसा, मध्ये कुठंही दृश्य न तोडता दाखवलाय. त्यामुळे आपण त्या दोघांच्या मागोमाग चालतोय असंच वाटतं.

आता उणं काय तेही सांगायला पाहिजे:

- कॅमेरा क्रेटॉसच्या खांद्याजवळ असल्यानं मागचा शत्रू दिसत नाही. नवख्या माणसाचा पाठीत वार खाऊन जीव मेटाकुटीला येतो.
- मोठ्या शत्रूंमध्ये तोचतोचपणा आहे. एकच राक्षस रंग बदलून परत परत समोर येतो.
- चिलखत, कुऱ्हाड सुधारायचं प्रकरण किचकट आहे. अक्षरं बारीक आहेत, लहान टीव्हीवर ती सेटिंगमध्ये जाऊन मोठी करून घ्यावी लागतात.
- गोष्ट बरीचशी बोलण्यातून उलगडते आणि मूळ संवाद इंग्रजीत आहेत. इंग्रजी समजत नसेल तर हाती फक्त मारामारी उरते.

खेळाच्या चार पातळ्या आहेत. सुरुवातीला सगळ्यात सोपी घ्या, त्यात कमीपणा नाही.

लहान मुलांसाठी आहे का?

नाही. इथं आडवळण नको. युरोपातल्या वयाच्या शिक्क्यात या गेमला १८ आकडा आहे, अमेरिकेत १७ वर्षांपुढचा शिक्का आहे. रक्त भरपूर, अंग फाडून मारण्याची दृश्यं जवळून दाखवलेली आणि शिव्याही आहेत. २००५ च्या पहिल्या गेममध्ये तर नग्न दृश्यंही होती, त्यामुळे जुनी डिस्क स्वस्तात मिळाली तरी पोराला देऊ नका.

गोष्ट बाप-मुलाची आहे म्हणून ती मुलांची होत नाही. दुकानदार विचारेलच असं नाही, कव्हरच्या कोपऱ्यातला आकडा आपणच बघायचा. मशीनमध्येही सोय आहे. मुलाचं वेगळं खातं काढून वयाची मर्यादा आणि खेळायची वेळ ठरवता येते. पासवर्ड मात्र पोराला माहीत नसावा.

पैसा वसूल होतो का?

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलं, तेव्हा डिस्क लागणाऱ्या मशीनची किंमत ४९,९९० रुपये होती. बऱ्याच घरांत एवढ्यात हंगामाचं बी-खत येतं. म्हणून एका गेमच्या हट्टापायी मशीन घेऊ नये. मशीन घरात असेल तरच पुढचा हिशोब.

मुख्य गोष्ट साधारण २० ते २५ तासांची आहे. रोज दीड तास खेळलं तर पंधरा-सोळा दिवस. आडवाटेची कामं करत बसलं तर त्याच्या दुप्पट. गेम जुना झाल्यानं डिस्क वापरलेलीही मिळते. आपल्या भागात डिस्कच परवडते, याची दोन कारणं. एक, हा गेम ४५ जीबीच्या आसपास आहे. रोज दीड जीबीच्या रिचार्जवर तो उतरवायला महिना जाईल. दोन, संपल्यावर डिस्क विकता येते किंवा मित्राशी बदलता येते, उतरवलेला गेम विकता येत नाही. फक्त मशीनला डिस्कची खाच आहे ना, ते आधी बघा, कारण बिनखाचेचं मशीनही येतं.

आणि वीज. गेम आपोआप सेव्ह होत राहतो, पण सेव्ह होत असतानाच लाईट गेली तर नुकसान होऊ शकतं. भारनियमनाची वेळ बघून बसा, इन्व्हर्टर असेल तर उत्तम.

आपल्या पुराणाचा गेम नाही का?

आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ काढला. राजी नावाची मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला त्रिशूळ घेऊन निघते, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी महाल, सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ, सगळं आपल्या मातीतलं. गेम लहान आहे, मारामारीत ‘गॉड ऑफ वॉर’ची सफाई नाही. पण घरातल्या मोठ्या मुलांसोबत बसून बघावा असा आहे. वयाचा शिक्का मात्र यालाही तपासूनच घ्या.

थोडक्यात

- १८ च्या पुढचं वय, इंग्रजी समजतं आणि मशीन घरात आहे: जरूर खेळा, गोष्ट मनात राहते.
- शाळकरी मुलं: नको. नावात देव असला तरी नको.
- पुराण शिकायला: नको, त्यासाठी पुस्तकच बरं.
- फक्त या गेमसाठी मशीन घ्यायचं: नको.

बापानं मात्र एकदा स्वतः खेळून बघायला हरकत नाही. पोरगं शेजारी बसून मन लावून काही सांगत असताना आपण किती वेळा नुसतं ‘हं’ म्हणतो, ते क्रेटॉसकडे बघून कळतं.