घरात येणारा नवा माणूस आणि मुलाचा हक्क

विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीने मुलाबाळांसह दुसऱ्या पुरुषाशी संसार मांडला की आपला समाज पहिला प्रश्न विचारतो तो तिच्या शीलाविषयी. वास्तविक विचारावयास हवा तो मुलाच्या भवितव्याविषयी.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. महाराष्ट्रातील कित्येक शेतकरी व कारागीर जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची रीत पूर्वापार होती. जेथे बंदी होती तेथे १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने वाट मोकळी केली. परंतु त्याच कायद्याने पुनर्विवाहानंतर पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपविला आणि मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज करण्याची मुभा सासरच्यांना दिली. नवा पती हवा तर शेत सोडा, प्रसंगी मूलही सोडा, असा तो सौदा होता.

आजही या प्रश्नाच्या मुळाशी अर्थकारण आहे. आमच्या जालना-बीडकडून ऊसतोडीस जाणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल ठरते ती जोडीवर. एकटे माणूस हा अर्धा कोयता. अशा स्थितीत एखादीने सोबती पत्करला, तर त्यास स्वैराचार म्हणणे हे पांढरपेशी अज्ञान होय.

कायदा आता बराच पुढे आला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने विवाहसदृश संबंधातील स्त्रीलाही संरक्षण दिले व ‘मूल’ या शब्दाच्या व्याख्येत सावत्र मूलही धरले. पित्याच्या मृत्यूनंतर मुलाचे आडनाव ठरविण्याचा व त्यास नव्या पतीला दत्तक देण्याचा अधिकार मातेस आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. तरीही एक उणीव उरतेच. दत्तकविधान वा मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे सावत्र पित्याच्या मिळकतीत या मुलास वाटा नाही. ज्यास ते वडील म्हणून हाक मारते, त्याच्या पश्चात ते कायद्याने परकेच ठरते.

तेव्हा भावनेइतकीच व्यवहाराची काळजी आवश्यक आहे. नव्या माणसाची मुलाशी ओळख सावकाश व्हावी. आजी-आजोबांकडे जाणे-येणे तुटू नये. जन्मदात्याच्या शेतावर मुलाची वारसनोंद आधीच करून घ्यावी. आणि नव्या माणसाने आपली जबाबदारी मृत्युपत्राने कागदावर आणावी.

उरलेले काम आपणा शिक्षक-कारकुनांचे. शाळेच्या अर्जातील वडिलांच्या नावाचा रकाना भरताना त्या मुलाची भर वर्गात उलटतपासणी होणार नाही, एवढी दक्षता घेण्यास कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.