वरून मोजलेली सावली

झाड लावणे हा सदका आहे, हे आपण घरातल्या थोरांकडून ऐकत आलो. पण जंगलाची सावली किती दाट, हे मोजायचे कसे?

2018 च्या डिसेंबरमध्ये ‘नासा’ने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ‘जेडाय’ हे उपकरण पाठवले. सुमारे 400 किलोमीटरवरून ते लेसरचे झोत सोडते; एका झोताचा जमिनीवरचा ठिपका 25 मीटर रुंद. काही प्रकाश शेंड्यावरून परततो, काही फांद्यांमधून जमिनीला टेकून. दोन्हींच्या वेळेतल्या फरकावरून झाडांची उंची कळते, आणि किती प्रकाश वरच अडला यावरून छत्राची दाटी.

तरी आकडा जपून वाचावा लागतो. आपल्या वाशिमकडचा साग उन्हाळ्यात पाने टाकतो. तेव्हाचे माप विरळ येणारच. कारंजा-सोहोळ अभयारण्य तर काळविटांचे. त्यांना मोकळे गवताळ रानच लागते. छत्र कमी दिसले म्हणून तिथे झाडांची गर्दी केली, तर काळवीट जाणार कुठे?

मापात खोट नको, ही आपली शिकवण. आम्हाला वाटते, ती जंगलालाही लागू आहे. नीट मोजावे, आणि जिथे जे आहे ते राखावे. जमीन आपल्याकडे अल्लाहची अमानत आहे.