ईद साजरी करून परत आलेला ड्रेस: ऑनलाइन विक्रेत्याने खोट्या रिटर्नचं काय करावं?

ईद होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. डहाणूतल्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. ती घरी शिवणकाम करते आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजारात कुर्ते, अबाये विकते. "मॅडम, ड्रेस परत आलाय. कारण लिहिलंय, साइज बसला नाही. पण बगलेत घामाचे डाग आहेत, अत्तराचा वास येतोय आणि ओढणीवर रश्श्याचा डाग! ईद साजरी करून पाठवलाय हो."

तिने कंपनीकडे क्लेम टाकला होता, तो फेटाळला गेला. कारण एकच, पुरावा नाही. पार्सल तिने घाईत फाडून उघडलं होतं. ड्रेस 950 रुपयांचा. एका ड्रेसमागे तिला शंभर-सव्वाशे सुटतात, म्हणजे आठ ड्रेसची मेहनत गेली. वर परतीचं कुरिअर भाडंही तिच्याच खात्यातून कापलं.

पण आधी एक गोष्ट साफ करू. प्रत्येक रिटर्न खोटं नसतं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे माल सदोष असेल, नकली असेल, जाहिरातीत दाखवला तसा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. ईदचा ड्रेस ईदनंतर पोहोचला तर ग्राहकाचं परत करणं रास्तच आहे, मग उशीर कुरिअरवाल्याचा का असेना. (पूर, वादळासारख्या आपत्तीची गोष्ट वेगळी.)

आपल्या फिक्हमध्येही हा फरक आहे. मालात ऐब निघाला तर सौदा मोडण्याचा हक ग्राहकाला आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. ऐब नाही, नुसतं मन बदललं, तर परत घेणं विक्रेत्यावर बंधनकारक नाही. घेतलं तर तो एहसान, त्याला इकाला म्हणतात आणि हदीसमध्ये त्याची फजिलत आली आहे. मात्र ऑनलाइन बाजारात नाव नोंदवताना आपण त्यांची रिटर्न पॉलिसी कबूल केलेली असते. "सात दिवसांत परत" असं कबूल केलं असेल तर तो करार झाला, तो पाळायचा. तिसरा प्रकार उरतो: वापरून परत करणं, नव्याच्या जागी जुना तुकडा भरणं, रिकामा खोका पाठवणं, चांगल्या मालाला "डॅमेज" म्हणणं. हे सरळ धोका देणं आहे. सूरह मुतफ्फिफीन वाचताना आपल्याला फक्त वजनात मारणारा दुकानदार आठवतो. घेताना पुरेपूर आणि देताना कमी, हे ग्राहकालाही लागू होतं असं मला वाटतं.

आता करायचं काय? बहुतेक बाजारांत रिटर्नची विनंती आपोआप मंजूर होते, विक्रेत्याला "नाही" म्हणायला जागाच नसते. म्हणून भांडण विनंतीच्या वेळी नाही, माल परत आल्यावर क्लेमच्या वेळी लढायचं असतं. आणि त्याची तयारी माल पाठवण्याआधीच सुरू होते.

फोटो आपल्याच मालाचा लावा, दुसऱ्याच्या पेजवरून उचललेला नको. छाती, लांबी, बाही टेपने मोजून इंचांत लिहा. नुसतं "एल", "एक्सएल" लिहिलं की निम्मी रिटर्न्स तुम्हीच बोलावता. कापडात कुठे विणकामाची गाठ असेल तर तीही दाखवा. ओलं धान्य ढिगाखाली लपवणाऱ्याला आपल्या नबींनी टोकलं होतं, ते ठाऊक आहेच. ड्रेसला समोर दिसेल असा टॅग लावा, जो कापल्याशिवाय घालताच येणार नाही. पॅक करताना मोबाइलवर एकसलग व्हिडिओ काढा: ऑर्डरचं लेबल, मालाच्या दोन्ही बाजू, टॅग, मग पिशवी सील.

रिटर्न आलं की आधी बघा, ते ग्राहकाने परत केलंय की आरटीओ आहे. (हे गाडीवाल्यांचं आरटीओ नव्हे. पार्सल ग्राहकापर्यंत पोहोचलंच नाही किंवा त्याने घेतलंच नाही, ते परत येतं त्याला धंद्यात आरटीओ म्हणतात.) दोन्हींचे नियम आणि भाड्याचा हिशेब वेगळा असतो. पार्सल फाटलेलं, हलकं वाटलं तर डिलिव्हरीवाल्यासमोरच फोटो काढा. उघडताना पुन्हा व्हिडिओ: आधी लेबल, मग चारी बाजू, मग कात्री, मग माल. मध्ये कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कोणी पोरगं असेल तर त्याला मोबाइल धरायला सांगा, एका हाताने हे जमत नाही.

क्लेमची मुदत थोडी असते आणि प्रत्येक बाजाराची वेगळी, ती सेलर पॅनलवर बघून ठेवा. अॅमेझॉनवर याला सेफ-टी क्लेम म्हणतात, फ्लिपकार्टवर सेलर प्रोटेक्शन फंड. लिहिताना रडगाणं नको. एवढं पुरे: "ऑर्डर क्रमांक अमुक. टॅग लावून पाठवला, व्हिडिओ सोबत. परत आला तेव्हा टॅग कापलेला, बगलेत डाग, व्हिडिओ सोबत." क्लेम फेटाळला तर त्याच तिकिटावर पुन्हा अर्ज करा, नवीन तिकीट काढलं की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. 1915 ही हेल्पलाइन ग्राहकांसाठी आहे, तिथे विक्रेत्याचं काम होणार नाही. रक्कम मोठी असेल किंवा एकच माणूस वारंवार फसवत असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येते. 2024 मध्ये मिंत्रासारख्या कंपनीनेही खोट्या रिफंडबद्दल बंगळुरूत पोलिसांत तक्रार दिली होती.

एक मात्र करू नका. ग्राहकाचं नाव, पत्ता, नंबर व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून "याला माल देऊ नका" असं लिहू नका. मी असे मेसेज पाहिलेत. तो पत्ता तुमच्याकडे अमानत आहे, आणि राग शांत झाल्यावर अंगावर येईल ती तुमचीच चूक. फोन करून शिव्या देणं तर नाहीच. कंपनीने तुमचंच खाते बंद केलं तर?

दीड-दोनशेच्या मालासाठी मी तरी तिला भांडायला सांगत नाही. तेवढ्या वेळात एक कुर्ता शिवून होतो. पण 950 चा ड्रेस सोडायचा नाही. तिने आता शिलाई मशीनच्या वर मोबाइलचा स्टँड ठोकलाय. बकरी ईदनंतर पुन्हा एक टॅग कापलेला अबाया आला, तेव्हा क्लेम चौथ्या दिवशी मंजूर झाला. त्या ईदच्या ड्रेसची ओढणी मात्र तीनदा धुतली तरी डाग गेला नाही.