जुना कॉम्प्युटर विकताय? आधी काशा वेचा!

हराळी माजलेल्या रानात नुसती खुरपणी करून कोणी निर्धास्त झोपत नाही. वरचा पाला गेला तरी काशा जमिनीत असतात. एक पाऊस पडला की रान पुन्हा हिरवेगार. म्हणून तर उन्हाळ्यात खोल नांगरट करून काशा वेचाव्या लागतात. आज विषय हराळीचा नाही, जुन्या कॉम्प्युटरचा आहे. पण गोष्ट तीच आहे.

दूध संस्था, विकास सोसायटी, कृषी सेवा केंद्र, शेतकरी कंपनी, सगळीकडे आता कॉम्प्युटर आला आहे. २०२२ साली केंद्र सरकारने देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. त्यात विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. साहजिकच जुना डबा काढून नवा घ्यावा, असे अनेकांच्या मनात आहे. जरूर घ्या. पण जुना डबा भंगारात घालण्यापूर्वी माझी फजिती ऐका.

मी शेती खात्यातला माणूस, कॉम्प्युटरचा इंजिनिअर नव्हे. ठिबक-तुषारच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटीवर भरताना अडलेली मंडळी संध्याकाळी माझ्या घरी यायची. आधार, पासबुक, सातबारा स्कॅन करून मी घरच्याच कॉम्प्युटरवर ठेवायचो. नवा घेतला तेव्हा जुना भाच्याला दिला. देताना सगळे फोल्डर डिलीट केले, रिसायकल बिन रिकामा केला, वर डी ड्राइव्हला झटपट फॉरमॅटही मारला. काम फत्ते, असे वाटले.

आठ दिवसांनी भाचा दारात हजर. "मामा, तुमच्या गावच्या आबांचं पासबुक माझ्याकडं कसं काय आलं?" पोराने पुसलेल्या फायली परत आणायचे फुकटचे सॉफ्टवेअर सहज चालवून बघितले होते. चाळीसेक जणांचे कागद पडद्यावर! भाचा घरचा म्हणून निभावले. तोच डबा किलोच्या भावाने बाजारात गेला असता तर?

असे का होते? हार्ड डिस्क म्हणजे मोठे दप्तर समजा. आपण डिलीट करतो तेव्हा फक्त अनुक्रमणिकेतली नोंद खोडली जाते आणि 'ही जागा मोकळी' असा शेरा पडतो. आतली पाने तशीच राहतात. झटपट फॉरमॅट म्हणजे नुसती अनुक्रमणिका नवी. पानावर दुसरे काही लिहिले जात नाही तोवर जुना मजकूर वाचता येतो.

ही चूक शिकलेल्यांकडूनही होते. अमेरिकेतल्या एमआयटीचे सिमसन गारफिंकल आणि अभि शेलत यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापला. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या होत्या अवघ्या १२! एक तर बँकेच्या एटीएममधली होती.

मग करायचे काय?

पहिले काम, हवी ती माहिती दुसरीकडे उतरवून घ्या आणि उघडून खात्री करा. संस्थेचे दप्तर असेल तर कमिटीत ठराव करा. लेखापरीक्षणाला लागणारा हिशेब पुसून बसलात तर दुसरीच आफत.

दुसरे, ईमेलमधून बाहेर पडा. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढा. मोबाइलवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तो कॉम्प्युटर तोडा. डिजिटल सहीची कळ यूएसबीला लटकत राहिली नाही ना, ते बघा.

तिसरे, खरी नांगरट. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत 'रीसेट धिस पीसी' आहे. तिथे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा. मग 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' चालू करा आणि सर्व ड्राइव्ह निवडा. नुसते रीसेट म्हणजे पुन्हा खुरपणीच. याला काही तास लागतात, तेव्हा लाइटीचे वेळापत्रक बघूनच बसा. विंडोज ७ चा जुना डबा असेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि फॉरमॅट करताना 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढा. मग डिस्कभर शून्ये लिहिली जातात. आजच्या फिरत्या हार्ड डिस्कला असे एकदा लिहिले तरी पुरते. सात-सात वेळा पुसायची गरज नाही.

एसएसडीची गोष्ट मात्र वेगळी. ती आतली जागा आपल्याच हिशेबाने बदलत असते, त्यामुळे वरून लिहिले तरी काही मजकूर कोपऱ्यात राहू शकतो. तिच्यासाठी बनवणाऱ्या कंपनीचे 'सिक्युअर इरेज' सॉफ्टवेअर वापरावे. शेवटी पुसलेल्या फायली शोधणारे सॉफ्टवेअर स्वतःच चालवून बघा. काशा उरल्या का, ते लगेच दिसेल.

डबा सुरूच होत नसेल तर डिस्क खोलून काढा. डोळ्याला चष्मा लावून तिच्या चकत्यांना ड्रिलने आरपार भोके पाडा. एसएसडी असेल तर आतली प्रत्येक चिप फुटली पाहिजे. स्पीकरचे लोहचुंबक फिरवून काही होत नाही. आणि कृपा करून उकिरड्यावर जाळू नका, तो धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. उरलेला सांगाडा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रालाच द्या आणि पावती घ्या.

भाच्याकडची डिस्क मी त्याच रात्री नीट पुसली. दुसऱ्या दिवसापासून त्या चाळीस जणांना एकेक करून गाठले आणि झाला प्रकार सांगितला. आबा तंबाखू मळत म्हणाले, "सायेब, मला काय कळतंय त्यातलं? तुमी बघितलंत म्हंजे झालं." रागावले असते तर बरे वाटले असते.

सभासद, गिऱ्हाईक, शेजारी असेच आपल्या हातात कागद ठेवतात आणि निर्धास्त घरी जातात. तेव्हा रान दुसऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी आपल्या काशा आपण वेचाव्यात.